बक्कल नंबर : पोलिसांच्या बिल्ल्याचा काळ कसा ठरतो?

१/
शिरपूरच्या बाजारपेठेतील एका आडत दुकानात बनावट नोटा ओळखण्यासाठी जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा ठेवलेला असतो. एका संध्याकाळी त्या दिव्याखाली नोटेऐवजी कापडाचा एक तुकडा ठेवला गेला. हिरवट लोकरी कापड आणि त्यावर ओकच्या पानांच्या वलयात पंख पसरलेला गरुड. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार तो १९३८ सालच्या जर्मन पोलिसाच्या बाहीवरचा बिल्ला होता. दिवा लागताच गरुडाच्या कडेची सारी शिवण निळसर पांढऱ्या तेजाने उजळली.

२/
दिवा धरणारा तरुण शिरपूरचाच. सूतगिरणीत धाग्याची तपासणी करणारा. त्या उजेडाचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. कापड अधिक पांढरे भासावे म्हणून धाग्यात आणि धुण्याच्या पावडरीत जी रसायने घातली जातात, ती अतिनील प्रकाशात चमकतात. त्यांचा सर्रास वापर सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३८ मध्ये शिवलेला धागा असा उजळण्याचे कारण नव्हते.

३/
तरीही केवळ दिव्यावर निकाल देणे योग्य नव्हे. जुना, अस्सल बिल्ला कुणी अलीकडे आधुनिक पावडरीने धुतला असेल, तर तोही चमकतो. अशा वेळी चमक साऱ्या कापडावर पसरलेली दिसते. इथे कापड काळोखे होते आणि फक्त शिवण उजळत होती. म्हणून त्याने मागच्या बाजूचा एक सुटा धागा ओढला आणि काडीच्या ज्योतीवर धरला.

४/
सुती धागा जळला की कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो. हा धागा वितळला आणि टोकाशी कडक काळा मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर. हा तंतू इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये शोधला आणि बाजारात आला तो युद्ध संपल्यावर. १९३८ च्या बिल्ल्यात १९४१ चा शोध असू शकत नाही. बिल्ला नकली होता.

५/
मुळात शिरपूरच्या तरुणाने जर्मन पोलिसांचे बिल्ले का जमवावेत? या छंदाची गंमत जर्मनीच्या रचनेत आहे. तेथे पोलीस हा प्रामुख्याने घटक राज्यांचा विषय आहे. राज्ये सोळा, आणि प्रत्येकाच्या पोलिसांच्या बाहीवर त्या त्या राज्याचे चिन्ह. बर्लिनचे अस्वल, ब्रेमेनची किल्ली, हॅम्बुर्गचे वेशीचे दार, लोअर सॅक्सनीचा घोडा. टपालाने दोन-तीन बिल्ले येतात, त्यांच्या बदल्यात आपल्याकडचे दोन-तीन जातात. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला हा व्यवहार परका वाटणार नाही.

६/
या छंदात काळ ठरवण्याचा पहिला नियम सोपा आहे: आधी नाव वाचा. बाडेन-वुर्टेमबेर्ग हे राज्य २५ एप्रिल १९५२ रोजी तीन राज्ये एकत्र होऊन बनले. तेव्हा हे जोडनाव असलेला राज्य पोलिसांचा बिल्ला त्या तारखेच्या आधीचा असू शकत नाही. केंद्राचे सीमारक्षक दल १९५१ मध्ये उभे राहिले आणि १ जुलै २००५ रोजी त्याचे नाव बदलून केंद्रीय पोलीस झाले. जुन्या नावाचा बिल्ला बहुधा या दोन वर्षांच्या मधला. नकाशा बदलला की बाही बदलते.

७/
दुसरा नियम रंगाचा. पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकात हाइन्झ ओएस्टरगार्ड या वेशरचनाकाराने आखलेला हिरवा आणि फिकट तपकिरी गणवेश आला. एकविसाव्या शतकात एकेक राज्य निळ्या गणवेशाकडे वळले. त्यामुळे एकाच राज्याचे एकच चिन्ह हिरव्या पार्श्वभूमीवर असेल तर ते सहसा आधीचे, निळ्यावर असेल तर नंतरचे. तिसरा नियम धाग्याचा, म्हणजे दिव्याचा आणि ज्योतीचा. नाव, रंग, धागा हे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की काळाचा अंदाज पक्का होऊ लागतो.

८/
मात्र त्या नकली गरुडाचा अस्सल पूर्वज कोणता, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १७ जून १९३६ रोजी हाइनरिश हिमलर साऱ्या जर्मन पोलिसांचा प्रमुख झाला. तोवर राज्यांच्या पोलिसांची आपापली चिन्हे होती. त्याच उन्हाळ्यात नवा गणवेश आला आणि सगळ्यांच्या बाहीवर एकच गरुड बसला. नखांत स्वस्तिक धरलेला. शहरी पोलिसांना हिरवा धागा, ग्रामीण पोलिसांना नारिंगी, नगरपालिकांच्या पोलिसांना गडद लाल. सुरुवातीच्या काळात गरुडाच्या वर शहराचे नाव भरलेले असे. पुढे तेही गेले.

९/
या बिल्ल्यावरून सत्तेच्या केंद्रीकरणाचा इतिहास हाताने चाचपता येतो. आधी राज्याचे चिन्ह गेले, मग शहराचे नाव गेले, शेवटी उरला फक्त गरुड. संग्राहक ज्याला ‘नाव नसलेला, युद्धकाळातला प्रकार’ म्हणतो, तो प्रत्यक्षात एक प्रशासकीय निर्णय आहे. ज्याच्या बाहीवर आपल्या गावाचे नावही उरलेले नाही, अशा पोलिसाला कोणत्याही गावी पाठवता येते.

१०/
आणि पाठवलेही गेले. हॅम्बुर्गची राखीव पोलीस बटालियन क्रमांक १०१ ही पाचशेहून कमी माणसांची तुकडी होती. त्यातले बरेचसे मध्यमवयीन, संसारी गृहस्थ. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफूफ या गावी या तुकडीने सुमारे दीड हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना गोळ्या घातल्या. त्या सकाळी तुकडीच्या प्रमुखाने सांगितले होते की ज्याला हे काम झेपणार नाही त्याने बाजूला व्हावे. सुरुवातीला बाजूला झाले ते जेमतेम डझनभर. क्रिस्टोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने १९९२ मध्ये या तुकडीवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच ‘सामान्य माणसे’ असा आहे.

११/
म्हणूनच जर्मनीत अशा चिन्हांकडे केवळ छंद म्हणून पाहिले जात नाही. तेथील दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार नाझी चिन्हे सार्वजनिकरीत्या मिरवणे वा पसरवणे हा गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण आणि कला यांना सवलत आहे. विक्रीच्या सूचींत स्वस्तिकावर चिकटपट्टी लावलेली दिसते ती यामुळे. शिरपूरच्या तरुणाला हे सारे वाचून ठाऊक होते. तरीही ‘संच पूर्ण व्हावा’ म्हणून त्याने तो गरुड मागवला होता. नकली निघाल्यावर पैसे गेल्याचे दुःख झाले, आणि थोडे हायसेही वाटले.

१२/
घरी आल्यावर आबांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, तो बिल्ला उलटसुलट करून पाहिला. कोणाचा, म्हणून विचारले. जर्मन पोलिसांचा, असे उत्तर मिळाल्यावर ते काही वेळ गप्प बसले आणि अहिराणीत एवढेच म्हणाले, “आपला घरमा बी एक शे.”

१३/
माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. आबांचे वडील पोलिसांत होते, हे घरात सर्वांना माहीत होते. ‘स्वातंत्र्य मिळाले आणि ते भरती झाले’ असे सांगण्याची घरची रीत होती. पेटीत चार वस्तू निघाल्या: पट्ट्याचे पितळी बक्कल, टोपीवरचा छोटा धातूचा बिल्ला, हवालदाराची तीन फितींची कापडी खूण आणि घडीवर फाटलेला निवृत्तिवेतनाचा कागद. जर्मन बिल्ल्यांवर शिकलेली विद्या आता स्वतःच्या पणजोबांवर वापरायची होती.

१४/
महाराष्ट्रात आजही पोलीस शिपायाला ओळखतात ते ‘बक्कल नंबर’ने. नावाआधी नंबर सांगावा लागतो. हा शब्द पट्ट्याच्या बकलावरून आला आणि नंबर बकलावर राहिला नाही तरी भाषेत टिकला. पेटीतल्या बकलावर मात्र नंबर खरोखरच कोरलेला होता. त्याच्या वर इंग्रजी अक्षरांत पश्चिम खानदेश पोलीस असे नाव, आणि सर्वांत वर राजमुकुट.

१५/
पहिला नियम: नाव वाचा. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याहून कारभार पाहिला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने खानदेश भिल्ल कोअर उभी केली. तिचे ठाणे धरणगावी होते. ज्या सत्तेविरुद्ध सातपुड्यातील भिल्ल लढत होते, तिनेच त्यांतल्या तरुणांना बंदूक आणि पगार देऊन बंदोबस्ताला लावले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दल जिल्हा पोलिसांत विरघळले. म्हणजे भिल्ल कोअरचे नाव असलेली वस्तू त्याच शतकातली.

१६/
पुढची रेघ १९०६ ची. त्या वर्षी खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले: जळगाव हे मुख्यालय असलेला पूर्व खानदेश आणि धुळे हे मुख्यालय असलेला पश्चिम खानदेश. शिरपूर पश्चिमेत राहिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर या जिल्ह्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तेव्हा पश्चिम खानदेश हे नाव असलेले बक्कल १९०६ नंतरचे आणि साधारण १९६० पर्यंतचे. चोपन्न वर्षांचा पट्टा. तो अजून आवळायचा होता.

१७/
दुसरा साक्षीदार मुकुट. इंग्रजी अमलातील वस्तूंवरचे मुकुट सारखे दिसतात, पण सारखे नसतात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणी निवर्तली. त्यानंतरच्या चार राजांच्या काळात जो मुकुट वापरला गेला, त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल आहेत. एलिझाबेथ राणी १९५२ मध्ये गादीवर आल्यावर जो मुकुट स्वीकारला गेला, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या आहेत. भारत १९५० मध्येच प्रजासत्ताक झाला होता. म्हणून खानदेशच्या बकलावर दबलेल्या कमानींचा मुकुट दिसला, तर ती वस्तू नकली समजावी. घडवणाऱ्याने चुकीच्या राणीचा मुकुट घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

१८/
पेटीतला मुकुट घुमटाचा होता. आबांनी लगेच निष्कर्ष काढला: म्हणजे इंग्रजांच्या वेळचे. इथे थांबणे आवश्यक होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला नाही. सहावा जॉर्ज पुढची अडीच वर्षे भारताचा राजा होता. अशोकस्तंभावरील सिंह हे राजचिन्ह म्हणून स्वीकारले गेले ते २६ जानेवारी १९५० रोजी. १९४८ मध्ये भरती झालेल्या शिपायालाही कोठारातून मुकुटाचेच बक्कल मिळाले असू शकते. मुकुटाने १९५० ही खालची रेघ दिली. १९४७ ची दिली नाही.

१९/
घरची कथा अजून खरी ठरू शकत होती. ती खोटी ठरवली चौथ्या वस्तूने. निवृत्तिवेतनाच्या कागदावर निवृत्तीचे वर्ष होते १९६७ आणि सेवा लिहिली होती तीस वर्षे. वजाबाकी कुणालाही येते. पणजोबा १९३७ मध्ये भरती झाले होते. स्वातंत्र्यापूर्वीची दहा वर्षे कथेतून गळली होती. कुणी ठरवून गाळली की सांगता सांगता ती आपोआप मागे पडली, हे बक्कल सांगत नाही.

२०/
ती दहा वर्षे साधी नव्हती. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातच होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे पाच जण मारले गेले. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. खानदेशातील प्रत्येक शाळकरी मूल ही नावे जाणते. बंदूक धरणाऱ्या हातांची नावे कुणी पाठ केलेली नसतात.

२१/
याच जिल्ह्यात १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची लूट झाली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे आणि खानदेशचे क्रांतिकारक त्यात एकत्र होते. आज तो पराक्रम म्हणून सांगितला जातो आणि तसा तो होताही. पण खजिन्यासोबत जे पहारेकरी होते, तेही याच मातीतले, महिन्याच्या पगारावर घर चालवणारे. त्यांच्या कमरेला असेच मुकुटाचे बक्कल असणार.

२२/
युझेफूफ आणि नंदुरबार यांच्यात दोन महिन्यांचे अंतर आहे. या दोन घटना एका तागडीत घालता येत नाहीत. एका ठिकाणी एका समाजाला समूळ नष्ट करण्याचे काम चालू होते. दुसऱ्या ठिकाणी परकी सत्ता आपली मुठी सोडायला तयार नव्हती. त्यांची बरोबरी करणे हा इतिहासाचा अपमान होईल. पण बिल्ला हातात घेणाऱ्यापुढे दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहतो: हा ज्याच्या अंगावर होता, तो त्या दिवशी कुठे होता?

२३/
जर्मन गरुडाबाबत हा प्रश्न विचारणे शिरपूरच्या तरुणाला सोपे गेले होते. तो अनोळखी माणसाचा होता, दूरचा होता आणि शेवटी नकलीही निघाला. बक्कल अस्सल होते आणि पणजोबांचे होते. त्याने आबांना थेट विचारले की त्या दिवशी ते नंदुरबारला होते का. आबांनी कधी विचारले नव्हते आणि वडिलांनी कधी सांगितले नव्हते. “जे व्हयनं ते व्हयनं,” म्हणून ते पेटी बंद करू लागले. मग हात थांबला आणि पेटी उघडीच राहिली.

२४/
जिल्ह्यात ठाणी अनेक, शिपाई शेकड्यांनी. त्या दिवशी नंदुरबारला असलेले त्यांतले थोडेच. पणजोबा तेथे नसण्याची शक्यता अधिक. पण शक्यता म्हणजे उत्तर नव्हे. जुन्या नोंदींत शिपायाचा माग काढायचा तर तो नंबरवरून काढावा लागतो. म्हणून तरुणाने बक्कल उजेडात तिरपे धरले. नंबर तीन आकड्यांचा होता. शेवटचे दोन स्पष्ट दिसत होते. पहिल्याच्या जागी गुळगुळीत पितळ होते.

२५/
तो आकडा कुणी लपवला नव्हता. दरवर्षी दसऱ्याला हे बक्कल देव्हाऱ्यासमोर शस्त्रांच्या शेजारी ठेवले जाई आणि आदल्या दिवशी चिंचेने, राखेने घासून लख्ख केले जाई. पणजीने घासले, मग आजीने घासले. पन्नासहून अधिक दसऱ्यांनी उठावाची धार खाऊन टाकली. ज्या घराने त्या माणसाचा मान राखला, त्याच घराच्या हाताने त्याच्याकडे जाणारी वाट पुसली गेली.

२६/
उरलेल्या दोन वस्तूंनी पुढची कथा सांगितली. टोपीवरच्या बिल्ल्यावर तीन सिंह आणि ‘सत्यमेव जयते’. म्हणजे २६ जानेवारी १९५० नंतरचा. टोपी बदलली, डोके तेच राहिले. मुंबई प्रांताचे मुंबई राज्य झाले, १९५६ मध्ये ते द्विभाषिक झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज दिला; पोलीस दलाचा स्थापना दिन म्हणून तो दिवस आजही पाळला जातो. एका शिपायाने तीस वर्षांत इतकी नावे आणि चिन्हे अंगावर वागवली.

२७/
नव्या राज्याच्या चिन्हांवर हळूहळू देवनागरी आली आणि ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद आले: सज्जनांचे रक्षण, दुर्जनांचे निर्दालन. पण सज्जन कोण आणि खल कोण, हे ठरवणारा वर बसलेला असतो. १९४२ मध्ये खल ठरला होता तो झेंडा घेतलेला शाळकरी मुलगा. आठ वर्षांनी त्याच्या स्मृतीला मानवंदना देणाऱ्या रांगेत तेच गणवेश असू शकत होते. बिल्ल्याचा काळ ठरवणे म्हणजे त्या क्षणी वर कोण बसले होते, हे ठरवणे.

२८/
कापडी फिती सर्वांत कमी बोलक्या. तीन फिती म्हणजे हवालदार, दोन म्हणजे नाईक. त्यांवर ना नाव, ना साल. पण अशा खुणांनाही एक दिवस तारीख चिकटते. २०२२ मध्ये महाराष्ट्राने पोलीस नाईक हे पद रद्द केले. कालपर्यंत कुठल्याही शिंप्याकडे मिळणारी दोन फितींची खूण त्या दिवशी इतिहासजमा झाली. पुढच्या पिढीतला संग्राहक ती पाहून म्हणेल, ‘२०२२ पूर्वीची’.

२९/
ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. पितळ घासू नये. कोरड्या मऊ कापडाने पुसावे. कापडी खूण धुऊ नये. धुतली की दिव्याची साक्ष बिघडते. वस्तू कुणाची, कुठून आली, हे आज जाणणाऱ्या माणसाकडून विचारून लिहून ठेवावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा लागू होऊ शकतो. ती परदेशी पाठवता येत नाही. आणि चालू गणवेशाचा बिल्ला फसवणुकीच्या हेतूने अंगावर लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. जमवणे वेगळे, मिरवणे वेगळे.

३०/
इतिहासाचार्य राजवाडे यांनी अखेरचा श्वास घेतला तो धुळ्यात, १९२६ मध्ये. दप्तरे शोधत ते गावोगाव हिंडले. कारण अस्सल कागदाशिवाय इतिहास लिहायचा नाही, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभे आहे, शिरपूरपासून महामार्गाने तासाभराच्या अंतरावर. शिरपूरच्या त्या घरात अस्सल वस्तू होती, अस्सल कागद होता, आणि तरीही मधला एक आकडा नव्हता. अशा वेळी तो आकडा मनाने भरायचा नाही, एवढेच त्या शिस्तीचे सांगणे.

३१/
तरुणाने नकली गरुड फेकला नाही. एका पाकिटात घालून त्यावर ‘नकली, पॉलिएस्टर धागा’ असे लिहिले आणि तो जर्मन बिल्ल्यांच्या वहीत शेवटी ठेवला. खऱ्या गरुडाचा शोध त्याने थांबवला. मग बकलासाठी जाड कागदाचे कार्ड कापले आणि आबांना वाचून दाखवत लिहिले: ‘पट्ट्याचे बक्कल, पितळ. पश्चिम खानदेश जिल्हा पोलीस. घडण १९०६ ते १९५०. वापर १९३७ पासून. नंबरातील पहिला आकडा पुसलेला. ९ सप्टेंबर १९४२ रोजीची नेमणूक:’ पुढे त्याने रिकामी रेघ ओढली.

३२/
आबांनी ती रेघ पाहिली. खोडायला सांगितले नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याला आजी चिंच भिजवून बसली, तेव्हा आबांनी बक्कल तिच्या हातातून काढून घेतले आणि तसेच, काळवंडलेले, पाटावर ठेवले. कार्ड त्याच्या शेजारी होते. हळदकुंकू दोन्हींना लागले.